दिवसाला एकच पुडकं

अण्णाचा आवाज गेला तेव्हा तो चाळिशीच्या आसपास होता. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. बेंगळुराजवळ, होसकोटेच्या एका हायस्कुलात तो गणित शिकवायचा, कन्नडमधून. घशात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण बोलणं कुजबुजीवर आलं. शाळेने त्याची नोकरी काढली नाही, फक्त वर्ग काढून घेतले. त्याला ऑफिसात एका कोपऱ्यात बसवलं आणि मुलांचे दाखले लिहायला दिले. हेडमास्तर म्हणाले, "तुम्हाला त्रास नको म्हणून." त्याला त्रास कशाचा होत होता, हे कुणी विचारलं नाही.

माझं सासर शिवाजीनगरात. आमची दोन्ही घरं पिढ्यान् पिढ्या बेंगळुराच्या भागातली, घरात मराठी आणि उंबरा ओलांडला की कन्नड. यजमानांचं दुकान बसस्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. सासऱ्यांच्या वेळी तिथे रेडिओ दुरुस्त व्हायचे. यजमानांनी कॉम्प्युटरचे सुटे भाग आणून, जोडून विकायला सुरुवात केली आणि धंदा बसला. दुपारी ते जेवून पडले की मी दुकानात बसायची. बघून बघून मीही मशीन जोडायला शिकले. गिऱ्हाईक मला अक्का म्हणायचं आणि मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला की जरा साशंक व्हायचं, पण मशीन चालू झालं की गप्प बसायचं.

अण्णा दर रविवारी होसकोटेहून बसने आमच्याकडे जेवायला यायचा. अशाच एका रविवारी तो यजमानांना म्हणाला, "पाहुणे, मला एक कॉम्प्युटर घ्यायचाय." त्याचं ऐकायला पुढे वाकावं लागायचं. यजमान वाकले नाहीत, त्यांनी मला विचारलं, "काय म्हणतात?" मी सांगितलं.

"मग त्यात काय? घरचं दुकान आहे. मी स्वतः जोडून देतो, एकदम फर्स्ट क्लास. बाहेर गेलात तर फसवतील तुम्हाला."

मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. यजमानांनी खरोखरच स्वतः मशीन जोडलं, स्वतः रिक्षात घालून होसकोटेला नेलं आणि आईच्या हातचा चहा पिऊन आले. आई शेजारणीला सांगत सुटली, की जावयाने घरपोच आणून दिलं.

अण्णाला कॉम्प्युटर कशाला हवा होता ते मला महिन्याभराने कळलं. मी माहेरी गेले होते. समोरच्या खोलीत त्याने मशीन मांडलं होतं, टेलिफोनची वायर आईच्या देवघरावरून नेली होती. पडद्यावर आकडे सरकत होते. तो माझ्या कानाशी येऊन सांगायला लागला आणि त्याच्या त्या फाटक्या आवाजात मला कितीतरी दिवसांनी वर्गातला अण्णा ऐकू आला.

परदेशातल्या एका विद्यापीठात काही गणिती मंडळी फार मोठ्या संख्या तपासत होती. कोणत्या संख्येला भाग जातो, कोणत्या संख्येला जात नाही, एवढाच प्रश्न. पण संख्या इतक्या लांबलचक, की त्यांच्याकडची सगळी मशीन लावली तरी आयुष्य पुरलं नसतं. म्हणून त्यांनी काम लहान लहान तुकड्यांत वाटलं होतं. जगातल्या कुणीही आपलं मशीन रिकामं असेल तेव्हा त्यातला एक तुकडा घ्यायचा, मशीनला तपासू द्यायचा आणि उत्तर परत पाठवायचं. पैसे नाहीत, पगार नाही. अण्णा त्या तुकड्याला पुडकं म्हणायचा.

"तुला यातून काय मिळतं?" मी विचारलं.

"काम मिळतं," तो म्हणाला.

सकाळी शाळेत जायच्या आधी तो टेलिफोनवरून जोडणी करायचा, उत्तरं पाठवायचा, नवी पुडकी घ्यायचा. मग दिवसभर मशीन आपलं मोजत बसायचं. संध्याकाळी आल्यावर चप्पल काढायच्या आधी तो पडदा बघायचा. आई म्हणायची, "लेकाकडची नातवंडं नाहीत माझ्या नशिबात, हेच एक खेळवतो."

त्या लोकांचा एक नियम होता. प्रत्येक मशीनला दिवसाला ठरावीकच काम मिळायचं. कुणी हावरटपणाने ढीगभर घेऊन नुसतं अडवून ठेवू नये, आणि एखादं मशीन बिघडलेलं असलं तर त्याने फार नासाडी करू नये म्हणून. एकच पुडकं ते दोन वेगळ्या लोकांकडे पाठवायचे. दोघांची उत्तरं जुळली तर मशीन भरवशाचं, त्याची मर्यादा वाढायची. नाही जुळली तर तिसऱ्याकडे पाठवायचे, आणि ज्याचं चुकलं त्याची मर्यादा घटायची. अण्णाला हा नियम फार आवडायचा. "बघ, इथे कुणाला आवाज लागत नाही," तो म्हणायचा. "बरोबर असलं की वाढतं. चुकलं की कमी होतं. हेडमास्तर नाही मध्ये."

थंडीचे महिने बरे गेले. त्याची मर्यादा वाढत गेली. त्या लोकांच्या यादीत आपल्या देशातल्या माणसांत त्याचं नाव बरंच वर होतं, ते त्याने मला दाखवलं. बाकीची नावं मोठमोठ्या संस्थांतल्या लोकांची दिसत होती. अण्णाने तिथे आपल्या नावापुढे 'गणित शिक्षक' असं लिहिलं होतं.

शिवरात्रीनंतर ऊन वाढलं आणि गोष्ट फिरली. एका रविवारी तो जेवायला आला. यजमान दुकानात गेल्यावर मला म्हणाला, "माझी उत्तरं चुकतायत."

"तुझी कशी चुकतील? मशीन करतंय."

"नाव माझं आहे ना."

त्याची मर्यादा कमी होत होती. आधी त्याला वाटलं टेलिफोनच्या लाइनची गडबड असेल. मग वाटलं, विजेचा दाब कमीजास्त होतो म्हणून. त्याने स्टॅबिलायझर घेतला. मशीन खिडकीपाशी नेलं, मग जमिनीवर ठेवलं, मग आईचा टेबलफॅन त्याच्यावर लावला. आई उकाड्यात पदराने वारा घेत बसली. मर्यादा उतरतच गेली. शेवटी दिवसाला एकच पुडकं यायला लागलं. ते झालं की पडद्यावर एक ओळ यायची, या मशीनला आज आणखी काम मिळणार नाही, उद्या विचारा. मी ती ओळ पाहिली तेव्हा अण्णा शेजारी खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसला होता. शाळेत ऑफिसच्या कोपऱ्यातही तो असाच बसत असणार.

त्याने त्या लोकांना ई-मेल लिहिली. मला वाटलं नव्हतं कुणी उत्तर देईल, पण दिलं. कुणातरी माणसाने अगदी सभ्यपणे लिहिलं होतं, की तुमची चूक नाही. अशी चूक सहसा दोन कारणांनी होते. एक तर मशीन तापतंय, किंवा प्रोसेसर त्याच्या कुवतीपेक्षा जास्त वेगाने पळवला जातोय. विकणाऱ्याकडे एकदा चौकशी करा.

अण्णाने ते पत्र छापून आणून माझ्यापुढे ठेवलं. "हे दुसरं कारण मला नीट कळलं नाही," तो म्हणाला. "पाहुण्यांना विचार ना."

मला कळलं होतं. बाजारात बसणाऱ्या कुणालाही कळलं असतं. त्या वर्षांत कमी वेगाचे प्रोसेसर आणायचे, वरचा आकडा घासून काढायचा आणि जास्त वेगाचा आकडा छापून विकायचे, हा धंदा जोरात होता. साधं टायपिंग केलं, पत्ते खेळलं, तर काही फरक कळत नाही. पण त्याला दिवसरात्र गणित घातलं, की उकाड्यात तो कुठेतरी चुकतो. चुकतो तेही गुपचूप, मशीन बंद पडत नाही. गल्लीतले बरेच जण असा माल ठेवत. आमच्याकडे तो येत नाही, असं मी गिऱ्हाइकांना सांगत आले होते, कारण मला तसं सांगितलं गेलं होतं.

मी यजमानांना विचारलं नाही. पुढच्याच गुरुवारी पर्समध्ये स्क्रू ड्रायव्हर, कापूस आणि स्पिरिटची बाटली घालून होसकोटेची बस पकडली.

अण्णाच्या समोरच मशीन उघडलं. पंखा काढला, प्रोसेसर बाहेर घेतला. वर छापलेला आकडा छान पांढरा, ठळक होता. स्पिरिटचा कापूस फिरवला आणि आकडा कापसावर उतरला. आकड्याखालचा पृष्ठभाग घासलेला होता. तिरकं धरलं की जुन्या आकड्याची पुसट खूण दिसत होती. बोर्डावर वेग ठरवायची जी छोटी टोपी असते, तीसुद्धा वरच्या वेगाच्या घरात बसवलेली होती. ते आपोआप होत नाही, जोडणाऱ्याने हाताने बसवावं लागतं.

अण्णाने तो कापूस माझ्या हातातून घेतला, बघितला आणि म्हणाला, "पाहुण्यांना कुणीतरी फसवलेलं दिसतंय."

परतीच्या बसमध्ये मी तेच वाक्य धरून बसले होते. कुणीतरी फसवलं असेल. मोठा व्यापारी असेल, त्याने खोका बदलला असेल. टोपी वरच्या घरात लागली, तर आकडा बघूनच लावली असणार, त्यांना काय माहीत. शिवाजीनगर येईपर्यंत मी त्यांचं सगळं वकीलपत्र तयार केलं होतं.

दुकानात तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. यजमान डबा खात होते. मी सरळ सांगितलं, "अण्णाच्या मशीनमधला प्रोसेसर घासलेला निघाला."

त्यांनी घास खाल्ला, पाणी प्यायले. "उघडलंस कशाला?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, त्यांना काय रॉकेट उडवायचंय? पत्रं टाइप करतील म्हणून दिला. टायपिंगला काय होतंय त्याला?"

"तो गणितं करतो त्याच्यावर. म्हणून तर कळलं."

"ते फुकटचं काम? त्यासाठी कुणी मशीन घेतं का?" ते हसले. "जाऊ दे. स्वल्प वेग कमी कर, चालेल नीट."

"पण त्यालाच का?" मी विचारलं. "चांगला माल कपाटात होता. मी स्वतः मोजून लावला होता."

यावर ते चिडतील, ओरडतील, असं मला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण ते धंद्यातली एखादी साधी गोष्ट समजावून सांगावी तसे म्हणाले, "हे बघ, असला माल बाहेरच्या गिऱ्हाइकाला दिला, तर तो उद्या परत येतो, दुकानासमोर उभा राहून भांडतो, चार माणसं गोळा करतो. अण्णा काय भांडणार आहेत?"

डबा बंद करून ते हात धुवायला गेले. मी तिथेच उभी होते. अण्णा भांडणार नाही, हे त्यांनी भावाच्या स्वभावावरून म्हटलं की त्याच्या घशावरून, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही. मला उत्तर नको होतं.

दुसऱ्या दिवशी मी कपाटातला एक सीलबंद प्रोसेसर घेतला, त्यांच्या देखत घेतला, आणि म्हटलं, "हा अण्णाकडे नेतेय." ते म्हणाले, "दुकान तुझ्या माहेरचं नाही." मी तरी निघाले.

अण्णाने तो घेतला नाही. आधी म्हणाला, "पाहुण्यांनी दिला?" मला खोटं बोलता आलं असतं. मी सगळं सांगितलं, ते भांडण्याचं वाक्य सोडून. मग त्याने नवा खोका माझ्या पर्समध्ये परत ठेवला आणि जुना प्रोसेसर बोर्डावर बसवायला लागला. मी मदत करायला गेले, तर हाताने थांबवलं. ती छोटी टोपी त्याने चिमट्याने काढून खालच्या घरात बसवली.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला वाटलं होतं, ती तरी माझ्या बाजूने बोलेल. ती म्हणाली, "तू कशाला गेलीस खोदायला? जावयाला बोल लावून तुला काय मिळालं? ऑपरेशनला रात्रंदिवस कोण धावलं होतं?"

ते खरं होतं. ऑपरेशनच्या वेळी यजमान खरोखर धावले होते. मला ही एक गोष्ट अजून सुटत नाही. ज्या माणसाने आठ-आठ तास हॉस्पिटलच्या बाकावर काढले, त्यानेच तो प्रोसेसर बसवला. दोन्ही वेळा त्याच्या चेहऱ्यावर सारखीच शांतता होती.

मशीन आता हळू चालत होतं, पण उत्तरं जुळायला लागली. मर्यादा पुन्हा चढली असती. पण अण्णाने त्या लोकांना आणखी एक ई-मेल पाठवली. या मशीनने आजवर दिलेल्या कोणत्याच उत्तराचा भरवसा धरू नये, जुळलेली असली तरी सगळी पुन्हा तपासावीत, असं कळवलं. त्यांनी आभार मानले आणि त्याच्या नावावरचं सगळं काम काढून टाकलं. देशाच्या यादीतून त्याचं नाव गेलं. मी म्हटलं, "जुळलेली कशाला काढायला सांगितलीस?" तो म्हणाला, "जुळली ती नशिबाने जुळली असतील. वर्गात असं चालतं का?" नव्या मशीनसारखा तो पुन्हा तळापासून सुरू झाला.

रविवारचं त्याचं येणं मात्र थांबलं. आधी ऊन होतं, मग पाऊस होता, मग आईची तब्येत होती. मी कारणं मानत गेले. यजमान एकदा जेवताना म्हणाले, "अण्णा फार मनाला लावून घेतात." आणि भाजी वाढून घेतली.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा होसकोटेच्या शाळेने कॉम्प्युटरची खोली काढायची ठरवली. यजमानांना ते माझ्या आईकडूनच कळलं. ते हेडमास्तरांना भेटले. आपण तुमच्या गणिताच्या मास्तरांचे मेहुणे, असं सांगितलं आणि ऑर्डर मिळवली. अण्णाला यातलं काही माहीत नव्हतं. खोलीत मशीन लागली तेव्हा हेडमास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुमच्या घरचाच माल आहे. आता तुम्हीच सांभाळा ही खोली." दाखले लिहिण्यातून त्याची सुटका झाली. त्याला मुलांमध्ये बसायला मिळणार होतं.

त्याने काय केलं, तर पहिल्याच आठवड्यात, शाळा सुटल्यावर, प्रत्येक मशीनवर ते पुडक्यांचं काम लावलं. काही मशीनची उत्तरं जुळली. काहींची मर्यादा थोड्याच दिवसांत एकावर आली. ज्यांची आली ती मशीन कोणती, हे त्याने हेडमास्तरांना जाऊन सांगितलं. मेहुण्याचा माल खोटा आहे, असं कुजबुजत्या आवाजात, टेबलावर वाकून, पुन्हा पुन्हा सांगितलं, कारण हेडमास्तरांना नीट ऐकू येत नव्हतं.

हेडमास्तर म्हणाले, "मास्तर, मुलं काय, टायपिंगच शिकणार. कशाला वाढवता?" आणि शाळेच्या मशीनवर परदेशी लोकांचं काम परवानगीशिवाय लावलं, म्हणून खोली त्याच्याकडून काढून घेतली. तो पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसला.

हे हेडमास्तरांनीच यजमानांना फोन करून सांगितलं. त्या दिवशी मात्र यजमान ओरडले. "माझ्याच बायकोचा भाऊ माझ्या पोटावर पाय देतो." मी म्हटलं, "त्याने खरं सांगितलं." ते म्हणाले, "मग राहा त्या खऱ्याबरोबर." मी राहायला गेले नाही. दोन मुलं होती, त्यांची शाळा इथे होती. शिवाय माहेर तरी कुठे माझं होतं? आईने निरोप पाठवला होता, की काही दिवस येऊ नकोस, जावई बिघडले तर तुझंच नुकसान.

भाऊबीजेला मी एकटी गेले. अण्णाने ओवाळून घेतलं, ताटात घालायचं ते घातलं, आणि सगळा वेळ मुलांच्या अभ्यासाची चौकशी करत बसला. निघताना मी विचारलं, "पुडकी चालू आहेत?" त्याने नाही म्हणून मान हलवली. टेलिफोन काढून टाकला होता. समोरच्या खोलीत मशीनवर आईची जुनी साडी घातली होती.

"का?"

"कंटाळा आला," तो म्हणाला. मला तो माझ्याशी पहिल्यांदा खोटं बोलला असं वाटलं. पुढच्या वर्षी त्याने नोकरी सोडली आणि आईला घेऊन धारवाडला मामाच्या गावी राहायला गेला. तिथे तो शेजारच्या मुलांना पाटीवर गणितं घालून देतो, असं आईच्या पत्रातून कळायचं.

त्याच वर्षअखेरीला सगळं जग घाबरलं होतं, की दोन हजार साल लागलं की कॉम्प्युटर बंद पडतील. लोक जुनी मशीन टाकून नवी घ्यायला धावत होते. आमच्या दुकानात उभं राहायला जागा नसायची. यजमानांनी शेजारचा गाळा घेतला, बोर्डाला दिवे लावले. मारतहळ्ळीला नव्याने राहायला आलेली पुण्या-नागपूरकडची मुलंमुली यायची आणि मराठी ऐकून खूश व्हायची. घरचं माणूस भेटल्यासारखी विश्वासाने बोलायची. खोका हातात घेऊन त्यातली एखादी मला विचारायची, "काकू, ओरिजिनलच आहे ना हा?"

मी म्हणायची, "यजमानांना विचार." आणि पावती लिहायला घ्यायची.